पेटंटवर माझं नावच नाही, आता काय करू?

नमस्कार. या महिन्यात आलेली पत्रं आणि मेल वाचायला बसले तर विषय आम्ही दिलेला नसताना बरीचशी एकाच गोष्टीभोवती निघाली. विज्ञान, इंजिनिअरिंग, आयटी, रिसर्च अशा ठिकाणी काम करणाऱ्या किंवा करायची इच्छा असलेल्या मुली, त्यांचे आईवडील, एका पत्रात तर एक टीम लीडसुद्धा. मी स्वतः इन्स्ट्रुमेंटेशनची, ३१ वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत काढली, त्यामुळे काही पत्रं वाचताना आपलीच जुनी डायरी वाचतेय असं वाटत होतं. पाच पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्या विषयावर आपल्याकडे कोणी नीट सांगतच नाही.

प्रश्न: ताई, मी घणसोलीला राहते, महापेच्या एका कंपनीत आर अँड डीमध्ये आहे. आम्ही गॅस लीक डिटेक्टर बनवतो. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की सेन्सर उगाचच अलार्म द्यायला लागतात, मग ऑपरेटर वैतागून अलार्म बंद करून ठेवतात, आणि खरीच गळती झाली तर काय ही भीती. मी दोन पावसाळे रबाळे आणि तळोज्याच्या साइटवर जाऊन डेटा घेतला, आणि ओलाव्याप्रमाणे रीडिंग आपोआप करेक्ट करायची पद्धत बसवली. नंतर मी मॅटर्निटी लीव्हवर गेले. परत आले तर कँटीनमध्ये कळलं की याच गोष्टीच्या पेटंटचा अर्ज गेलाय आणि त्यात सरांचं आणि दोन सहकाऱ्यांचं नाव आहे, माझं नाही. सर म्हणाले तू रजेवर होतीस, सही कुणाची घ्यायची. एचआर म्हणते पेटंट कंपनीचंच असतं, नावाने काय होतंय. मी उगाच मनाला लावून घेतेय का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर: नाही गं, उगाच नाही. तू धाकट्या बहिणीसारखी म्हणून तू म्हणते, चालेल ना. तर एचआर दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतेय, ती आधी वेगळी करू. पेटंटचा मालक कोण हा एक प्रश्न आणि शोध कोणी लावला हा दुसरा. नोकरीत असताना केलेल्या कामाचं पेटंट साधारणपणे कंपनीच्या मालकीचं होतं, कारण आपण जॉइन होताना तसं लिहून दिलेलं असतं, त्यावर आपलं काही म्हणणं नाही. पण अर्जाच्या फॉर्म १ मध्ये इन्व्हेंटर म्हणून कोणाची नावं आहेत हा रकाना वेगळा असतो, फॉर्म ५ मध्ये पुन्हा शोध कोणाचा याची घोषणा असते, आणि तिथे पगार कोण देतं, वरिष्ठ कोण, हजर कोण होतं याचा काही संबंध नाही. डोकं कोणाचं चाललं एवढंच. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईचा शोध रजेवर जात नाही. आणि सहीचं म्हणशील तर कुरियर आहे, ईमेल आहे, घणसोली ते महापे अंतर ते किती.

आपल्या पेटंट कायद्यात कलम २८ आहे ते खास यासाठीच आहे, शोध लावणाऱ्याचं नाव पेटंटमध्ये नमूद करण्यासाठी. त्यात असं आहे की शोधाचा, किंवा शोधाच्या महत्त्वाच्या भागाचा, जनक तू असशील तर नाव घालण्याची मागणी तू स्वतः करू शकतेस, अर्ज कंपनीने केला असला तरी. त्यासाठी फॉर्म ८ असतो, तो पेटंट ऑफिसला जातो, आपलं मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला आहे. तिथला कंट्रोलर दोन्ही बाजू ऐकून ठरवतो. पेटंट मंजूर व्हायच्या आधीच हे करावं लागतं, म्हणून थांबू नकोस.

पण लगेच फॉर्म भरायला धावू नको, मी काय करीन ते सांगते. पहिलं म्हणजे अर्ज प्रसिद्ध झालाय का बघ. अर्ज टाकल्यापासून १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या साइटवर सगळ्यांना दिसतो, लवकर प्रसिद्ध करायची विनंती केली असेल तर आधीही दिसतो. दिसला की त्यातले क्लेम्स नीट वाच. क्लेम म्हणजे नेमकं कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं, सगळा खेळ तिथे असतो. तुझी ओलावा करेक्शनची पद्धत क्लेममध्ये असेल तर तुझी बाजू भक्कम, आणि ती फक्त वर्णनात कुठेतरी आली असेल आणि क्लेम दुसऱ्याच कशावर असेल तर प्रकरण अवघड, हे आधीच सांगून ठेवते. अजून प्रसिद्ध झाला नसेल तर कॉपी मागायचा तुझा हक्कच आहे असं समजून सरळ माग. दुसरं, तुझी लॅब नोटबुक, साइटवरून पाठवलेले मेल, डेटाच्या फायली, प्रेझेंटेशन, तारखांसकट एका जागी आण. साइटच्या गेटवर रजिस्टरमध्ये सही केली असशील ना, तो पण पुरावाच आहे.

मग सरांना आणि कंपनीत पेटंटचं काम बघणाऱ्या माणसाला एकच मेल लिही. रागाचा नको, रडका पण नको. अमुक तारखेला मी हा प्रयोग केला, अमुक तारखेला तो मेल करून कळवला, तो क्लेम क्रमांक अमुकमध्ये आलाय, म्हणून इन्व्हेंटर म्हणून माझं नाव घालावं, बस. आणि त्यात एक ओळ जरूर घाल, की याच शोधाचा अर्ज अमेरिकेत करायचा असेल तर इन्व्हेंटरची नावं चुकीची असणं तिथे पेटंटला घातक ठरू शकतं. हे खरं आहे, तिकडे नावं दुरुस्त केली नाहीत तर त्या कारणाने पेटंट रद्द झालेली आहेत. कायद्याचं बघणाऱ्या माणसाला ही ओळ लगेच कळते. म्हणजे तुझं नाव घालणं हा तुझ्यावर उपकार नाही, कंपनीचंच काम आहे ते.

एवढ्यावरही हलले नाहीत तर फॉर्म ८. त्यात नोकरीतले संबंध बिघडायची भीती असते, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, घरचा हप्ता, बाळ, सगळं तुलाच बघायचंय, त्यामुळे किती ताणायचं हे तू ठरव. फक्त पहिला मेल न करता गप्प बसू नकोस असं माझं मनापासून सांगणं आहे. आणि नाव लागलं, पेटंट मिळालं, की फॉर्म ८ए भरून इन्व्हेंटर म्हणून सर्टिफिकेट पण मागता येतं, ही सोय २०२४ च्या दुरुस्तीत आलीय. पुढच्या नोकरीत ते सर्टिफिकेट बोलतं.

नावाने काय होतंय हे वाक्य मी पण ऐकलंय. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या पीएचडी करणाऱ्या मुलीला दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर एक बारीकशी वेगळी खूण दिसली, तिने तिचा पिच्छा सोडला नाही, आणि तो पहिला पल्सार निघाला, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा. १९७४ ला त्याचं नोबेल मिळालं तिच्या गाईडला. तिचं नाव पेपरवर होतं, दुसऱ्या क्रमांकावर, म्हणून निदान आज आपल्याला ती माहीत तरी आहे. तेवढंही नसतं तर? २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते तिने सगळंच्या सगळं मागे राहणाऱ्या गटातल्या विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपला देऊन टाकलं, माझ्या मनात त्या बाईबद्दल फार आदर आहे.

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, मेकॅनिकलच घ्यायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात मुलीला कॉम्प्युटर द्या, ऐरोलीला एसीत बसून नोकरी मिळेल, मेकॅनिकलला कुठे वर्कशॉपमध्ये हात काळे करणार. दुसरं म्हणजे आयआयटीत मुलींसाठी वेगळ्या जागा आहेत ना, तर ती म्हणते मला तशी सीट नको, मुलं म्हणतील मुलगी म्हणून मिळाली. काय समजवू तिला? (एक वडील, कळवा)

उत्तर: दादा, तिला समजवायच्या आधी नातेवाईकांना समजवा. तिला मेकॅनिकल का हवंय हे कोणी विचारलंय का तिला? पत्रात नातेवाईक काय म्हणतात ते तीन ओळी आहे आणि ती का म्हणते ते एक शब्द पण नाही. आज जेवताना विचारा.

आता जागांचं. २०१८ च्या आधी आयआयटीत १०० मुलांमागे मुली जेमतेम ८-९ असायच्या. हुशार मुली नव्हत्या म्हणून नाही, तर मुलाला क्लाससाठी राजस्थानात कोटा शहरात किंवा हॉस्टेलला पाठवायला घर तयार होतं आणि मुलीला रात्री साडेनऊला क्लासवरून एकटी यायला लागेल म्हणून क्लासच बंद व्हायचा, आपल्या ठाण्या-कळव्यात अशी घरं मी स्वतः बघितलीत. म्हणून २०१८ पासून जादा जागा काढल्या, आधी मुली १४ टक्के व्हाव्यात म्हणून, आणि २०२० पर्यंत २० टक्के. जादा म्हणजे जादा, आहे त्या जागांच्या वर वाढवलेल्या, एकाही मुलाची जागा त्यात गेली नाही. आणि मुलीलाही जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास व्हावंच लागतं, पेपर तोच, निगेटिव्ह मार्किंग तेच. तिला सांगा की सीट घ्यायची आणि पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत कोणाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडायचं नाही.

आयआयटी झालं नाही तरी महाराष्ट्राच्या सीईटीच्या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. २०२४ पासून उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीमध्ये बसत असाल तर प्रोफेशनल कोर्सला मुलींची फी शासन भरतं, त्याची कागदपत्रं आत्ताच जमवायला घ्या, उत्पन्नाच्या दाखल्याला ऐन वेळी तहसीलला किती गर्दी होते तुम्हाला माहीत असेल. एआयसीटीईची प्रगती स्कॉलरशिप पण आहे, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

हात काळे व्हायचं म्हणाल तर ए. ललिता १८ व्या वर्षी विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी, आणि १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या, पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामात होत्या. आणि आपल्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९५३ ला शकुंतला भगत सिव्हिल इंजिनिअर झाल्या, देशातल्या पहिल्या. त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी मिळून सुट्या भागांचे जोडून उभे करायचे स्टीलचे पूल बनवले, त्यातला पहिला १९७२ मध्ये हिमाचलात स्पितीला उभा राहिला. पूल बांधणाऱ्या बाईचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी दिसलं नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते दिसलं असतं तर तुमच्या मुलीला आज एवढा वाद घालावा लागला नसता.

एक अडचण मात्र लपवत नाही. मेकॅनिकलच्या मुलींना कॅम्पसवर काही कंपन्या अजूनही कमी घेतात, प्लांटला मुलगी नको म्हणतात. तिला हे माहीत असू दे. सुट्टीत वागळे इस्टेटमध्ये कोणाच्या ओळखीने एखादं सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशिनचं, वर्कशॉप दाखवून आणा, आवाज, ऑइलचा वास, सगळं बघू दे, आणि मग परत विचारा. माझी खात्री आहे ती तेच उत्तर देईल, पण बघितल्यावर दिलेलं उत्तर वेगळं असतं.

प्रश्न: मी बायोटेकमध्ये पीएचडी केलीय. दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण यात सात वर्षं घरी गेली. आता परत लॅबमध्ये जायचंय पण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न सात वर्षं काय करत होता हाच असतो. घरचे म्हणतात खारघरला ट्यूशन चांगली चालतात, त्या घे. (एक वाचक, खारघर)

उत्तर: ट्यूशन वाईट नाही, पण तुम्हाला ती नकोय हे पत्रात दिसतंय. आणि तुम्ही एकट्या नाही आहात. आपल्या देशात विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांत मुली ४० टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि सरकारचेच २०१८-१९ चे आकडे बघितले तर संशोधन आणि विकासाच्या कामात बायका होत्या १६.६ टक्के. मधल्या कुठे गेल्या? तुमच्यासारख्या घरात गेल्या, ऐन तिशीच्या आसपास, जेव्हा पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, पहिली ग्रँट, पहिली स्वतंत्र लॅब हे सगळं व्हायचं असतं तेव्हाच मूल होतं आणि घड्याळ दोन्हीचं एकच असतं. वरच्या खुर्च्यांवर बायका इतक्या उशिरा दिसतात त्याचं कारणही तेच. सीएसआयआर, म्हणजे देशभर सरकारी प्रयोगशाळा चालवणारी संस्था, १९४२ ला सुरू झाली, तिला पहिली महिला प्रमुख मिळाली २०२२ ला, एन. कलैसेल्वी.

सरकारला हे माहीत आहे म्हणून विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण नावाची योजना आहे, त्यात गॅप पडलेल्या बायकांसाठीही सोय आहे, जुन्या लोकांना ती वुमन सायंटिस्ट स्कीम म्हणून माहीत असेल. तुमच्या विषयाला बायोटेक्नॉलॉजी विभागाचं बायोकेअर पण आहे. यात प्रोजेक्ट तुम्ही स्वतः लिहायचा असतो आणि एखाद्या संस्थेने तुम्हाला जागा देतो म्हणून लिहून द्यावं लागतं. आणि लॅबमध्ये दिवसाचे दहा तास जमणार नसतील तर वाइज-किरणमध्येच पेटंटच्या कामाचं एक वर्षाचं प्रशिक्षण आहे, पैसे मिळून, बायोटेकची डिग्री तिथे सोन्यासारखी चालते. वयाची अट आणि तारखा चालू जाहिरातीत बघा.

तुम्ही खारघरला राहता, तुमच्या दारात अ‍ॅक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, तिथले सेमिनार बघा, ओळखीच्या कोणी असतील तर एक चक्कर मारा. आणि वाशीला सेक्टर १०-ए मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन आहे, १९७३ पासूनची संस्था, तिथे वर्किंग विमेन हॉस्टेल आहे, मुलांसाठी डे केअर आहे. ज्या बायकांनी ही उभी केली त्यांना पाळणाघर हा संशोधनाचाच प्रश्न आहे हे पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं. तिथे एकदा जा, तुमच्यासारखी वाट चाललेल्या बायका भेटतील, माझ्या पत्रापेक्षा त्यांच्याशी तासभर बोललेलं जास्त कामाला येईल.

सात वर्षं काय केलं याचं उत्तर लाजून देऊ नका. आजारी माणूस आणि दोन मुलं सांभाळली, आणि गेले सहा महिने हे हे पेपर वाचले, हा ऑनलाइन कोर्स केला, असं सरळ सांगा. त्यातला दुसरा भाग खरा मात्र पाहिजे, कारण सात वर्षांत तुमचा विषय खूप पुढे गेलाय. क्रिस्पर, म्हणजे जनुकं कापून बदलायचं तंत्र, त्यापासून सुरुवात करा, त्याचं २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल दोन बायकांना मिळालं, शार्पेंटिए आणि डाउडना.

कमला सोहोनींची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मुंबई विद्यापीठाची हुशार मुलगी, १९३३ मध्ये बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारलं. ती तिथे जाऊन ठाम उभी राहिली, मग घेतलं, पण पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पसंत पडलं तर बघू, आणि तिच्या असण्याने मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये अशा अटींवर. तिने ते वर्ष काढलं, काम पसंत पडलं, नंतर तिथे मुलींना प्रवेश मिळायला लागला. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी झाली आणि पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची ती संचालक झाली. इतकी मोठी बाई, पण तो अपमान तिच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, आणि का जावा.

ज्या मुली आत्ता पीएचडी करतायत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी, यूजीसीच्या नियमात पीएचडीच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळते आणि मुदतही २ वर्षं वाढवून मिळते. गाईड नाही म्हणाले तर नियम छापून घेऊन जा. सोडून देऊ नका.

प्रश्न: मी ऐरोलीत सॉफ्टवेअर टीम लीड आहे. माझ्या टीममध्ये मुलामुलींना मी सारखंच वागवतो. पण ऑनसाइट (परदेशी क्लायंटकडे जाऊन काम) किंवा अवघड रिलीज असेल तर मुली स्वतःच नको म्हणतात, मग प्रमोशनला त्या मागे पडल्या तर आमचा काय दोष? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, बरेच जण विचारत पण नाहीत. माझा उलट प्रश्न, गेल्या वेळी ऑनसाइटचं आलं तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं होतं, का तिचं नुकतंच लग्न झालंय, हिचं मूल लहान आहे, म्हणून परस्पर ठरवलं होतं? माझ्या बाबतीत परस्परच ठरवलं गेलं होतं, जर्मनीला ट्रेनिंग होतं, मला दोन महिन्यांनी कळलं, आणि साहेब माणूस म्हणून फार चांगले होते, त्यांना वाटलं माझी सोयच केली. नाही कोणी म्हणायचं ते तिला म्हणू द्या ना.

आणि सारखंच वागवतो असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं. २०१२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लोकांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या नोकरीचा एकच अर्ज दाखवला, फक्त काहींना वर नाव जॉन होतं आणि काहींना जेनिफर. बाकी अक्षर न अक्षर तेच. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार द्यावा असं निघालं आणि जेनिफरला २६,५०८. जेनिफरला कमी लेखणाऱ्यांत बाई प्राध्यापक पण होत्या. म्हणजे मनात खोट असायची गरजच नाही. तुमच्या टीमचे गेल्या दोन वर्षांचे अप्रेझल काढा, नावं झाकून वाचा, मुलींच्या शेऱ्यात मेहनती, सगळ्यांशी जमवून घेते, असं किती आलंय आणि मुलांच्यात लीडरशिप, टेक्निकली स्ट्राँग किती आलंय ते मोजा. तुमच्या मीटिंग संध्याकाळी साडेसातला असतात का तेही बघा, मिनिट्स दर वेळी कोण लिहितं, आणि वाढदिवसाचा केक कोण आणतं.

प्रश्न: तळोज्याला प्रॉडक्शन इंजिनिअर आहे, पाच वर्षं झाली. शिफ्ट इनचार्ज व्हायचं तर नाइट शिफ्ट करावी लागते आणि मॅनेजर म्हणतात बायकांना नाइट कायद्याने चालतच नाही. खरं आहे का? (एक वाचक, नवीन पनवेल)

उत्तर: पूर्वी खरं होतं. १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात काम नाही असं होतं. पण महाराष्ट्राने २०१५ मध्येच ते बदललं, रात्री काम करता येतं, फक्त बाईची स्वतःची तयारी पाहिजे आणि कंपनीने जाण्यायेण्याची गाडी, सुरक्षा वगैरे सोय केली पाहिजे. म्हणजे कायदा आडवा येत नाहीये, गाडीचा खर्च आडवा येतोय, असा माझा अंदाज आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा प्लांटमध्ये लेडीज टॉयलेटच नव्हतं, दहा मिनिटं चालत अ‍ॅडमिन बिल्डिंगला जावं लागायचं आणि मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही, किडनीचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांना कारण सांगताना पण लाज वाटली. वेगळं टॉयलेट हवं हे त्याच १९४८ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत. कितीतरी वर्षं मी ते स्वतःच्या नशिबाचं मानलं. म्हणून तुला सांगते, तोंडी विचारू नकोस. मला शिफ्ट इनचार्जच्या जागेसाठी विचारात घ्यावं, रात्रपाळीला माझी संमती आहे, गाडीची सोय करावी, अशा तीन ओळींचा अर्ज दे, मॅनेजर आणि एचआर दोघांना. नाही म्हणणार असतील तर तेही लेखी मागून घे. तारीख टाक, आणि पोच घेतलेली कॉपी कंपनीच्या ड्रॉवरमध्ये नाही, घरी ठेव.